पडदा, मूल आणि गल्ली

पालकसभेत अलीकडे एक प्रश्न हमखास निघतो: मोबाईलमुळे मुले बिघडत चालली आहेत, यावर शाळा काय करणार? या प्रश्नात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. मुले बिघडत आहेत ही एक, आणि बिघडवणारी वस्तू कोणती ते आपल्याला ठाऊक आहे ही दुसरी. विज्ञानाच्या रीतीने विचार करायचा तर दोन्ही गृहीते तपासून घ्यायला हवीत. गंमत अशी, की ही तपासणी नव्याने सुरू करण्याची गरज नाही. ती जवळजवळ शंभर वर्षे चालू आहे. फक्त आरोपी बदलत गेला. आधी मूकपट, मग बोलपट, मग कॉमिक्स, दूरचित्रवाणी, इंटरनेट आणि आता मोबाईल.

या तपासणीचा इतिहास शिक्षकांनी जाणून घेण्यासारखा आहे. त्यात एक उत्तर पुन्हा पुन्हा हाती आले आणि दर वेळी बाजूला पडले. ते का बाजूला पडले, हे समजले तर आपल्या वर्गातल्या मुलांसाठी काय करायचे याचीही थोडीफार दिशा मिळेल.

साक्षी आणि पुरावा

आपल्याकडे सिनेमाच्या परिणामांची पहिली मोठी चौकशी १९२७-२८ साली झाली. दिवाणबहादूर टी. रंगाचारियर यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने 'इंडियन सिनेमॅटोग्राफ कमिटी' नेमली. समितीने देशभर हिंडून ३५३ जणांच्या साक्षी घेतल्या. त्यांत दादासाहेब फाळकेही होते. परदेशी चित्रपटांमुळे प्रेक्षकांच्या, विशेषतः तरुणांच्या नीतिमत्तेवर काय परिणाम होतो, हा चौकशीतला एक मुख्य विषय होता. साक्षी देणारे अधिकारी, वकील, शिक्षक, पाद्री आणि व्यापारी आपापली मते सांगत होते. पण मत म्हणजे पुरावा नव्हे. मुलांवर खरोखर काय परिणाम होतो, हे मोजण्याचे साधन तेव्हा कुणाजवळच नव्हते.

ते साधन तयार करण्याचा पहिला मोठा प्रयत्न अमेरिकेत झाला. 'पेन फंड' नावाच्या न्यासाच्या पैशावर १९२९ ते १९३२ या काळात मुले आणि चित्रपट यांवर डझनभर संशोधने झाली. त्यांचे संयोजन ओहायो राज्य विद्यापीठातील डब्ल्यू. डब्ल्यू. चार्टर्स यांच्याकडे होते. मानसशास्त्रज्ञ, समाजशास्त्रज्ञ आणि शिक्षणतज्ज्ञ अशी सर्व प्रकारची माणसे कामाला लागली.

पलंगाला जोडलेले यंत्र

त्या संशोधकांच्या कल्पकतेचे कौतुक करावे तेवढे थोडे आहे. सॅम्युएल रेनशॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओहायोतील एका संस्थेत राहणाऱ्या मुलांच्या पलंगांना एक नोंदयंत्र जोडले. मूल झोपेत किती वेळा कूस बदलते, याची नोंद रात्रभर आपोआप होत असे. चित्रपट पाहून आलेल्या रात्री सरासरीने मुलांची चुळबुळ वाढलेली आढळली. पण सगळ्यांची नाही. काही मुलांवर परिणाम फार झाला, काहींवर जवळजवळ झालाच नाही, आणि काही तर नेहमीपेक्षा शांत झोपली.

आयोवा विद्यापीठात डायसिंजर आणि रकमिक यांनी प्रेक्षकांच्या हाताला विद्युत्‌वाहक जोडले. भावना उफाळली की घामामुळे त्वचेचा विद्युत्‌रोध बदलतो. हा बदल गॅल्व्हॅनोमीटरवर टिपता येतो. भीतीच्या प्रसंगी लहान मुलांमध्ये तो प्रौढांपेक्षा बराच जास्त आढळला. एडगर डेल यांनी १९२०, १९२५ आणि १९३० या तीन वर्षांतील एकूण १५०० चित्रपटांचे विषयवार वर्गीकरण केले. प्रेम, लैंगिक विषय आणि गुन्हेगारी या तीनच विषयांनी बहुतेक सगळी जागा व्यापली होती.

सर्वांत गाजलेला प्रयोग एल. एल. थर्स्टन आणि रूथ पीटरसन यांचा. मत कसे मोजावे, या प्रश्नावर थर्स्टन यांनी मोठे मूलभूत काम केले होते. एखाद्या समाजगटाविषयी अनुकूल ते प्रतिकूल अशी बरीच विधाने घ्यायची, अनेक परीक्षकांकडून त्यांची प्रतवारी करून घ्यायची, आणि त्यातून प्रत्येक विधानाला एक अंक द्यायचा. मग ज्या मुलाला जी विधाने पटतात, त्यांच्या अंकांवरून त्याचा कल ठरतो. ही मापनपट्टी घेऊन दोघे इलिनॉय राज्यातील क्रिस्टल लेक या गावी गेले. तेथील ४३४ विद्यार्थ्यांचा कृष्णवर्णीयांविषयीचा कल त्यांनी आधी मोजला. मग त्यांना 'द बर्थ ऑफ अ नेशन' हा १९१५ सालचा चित्रपट दाखवला. कृष्णवर्णीयांना हिंस्र दाखवणारा आणि त्यांच्यावर अत्याचार करणाऱ्या कू क्लक्स क्लॅनचा गौरव करणारा हा चित्रपट. पुन्हा मोजले, तेव्हा मुलांचा कल प्रतिकूलतेकडे ठळकपणे सरकला होता. पाच महिन्यांनंतरही त्या बदलाचा सुमारे ६० टक्के भाग शिल्लक होता.

आज असा प्रयोग करायला कोणतीही नीतिसमिती परवानगी देणार नाही. शेकडो मुलांच्या मनात द्वेष पेरून तो किती दिवस टिकतो ते पाहणे, असेच त्याचे स्वरूप होते. पण निष्कर्ष महत्त्वाचा आहे: चित्रपटाने मत बदलते आणि बदल टिकू शकतो. ज्यांना 'माध्यमांचा काहीच परिणाम होत नाही' असे वाटते, त्यांनी हा प्रयोग विसरू नये.

मात्र त्यातला एक तपशील नजरेआड होता कामा नये. हे गाव मुद्दाम निवडलेले होते. तेथे कृष्णवर्णीयांची वस्तीच नव्हती. मुलांना शेजारी, वर्गमित्र किंवा दुकानदार म्हणून कृष्णवर्णीय माणूस भेटलेला नव्हता. पडद्यावर जे दिसले ते ताडून पाहायला जवळ अनुभवच नव्हता. हाच चित्रपट मिश्र वस्तीतल्या मुलांना दाखवला असता तर आकडे हेच आले असते का? या प्रयोगातून त्याचे उत्तर मिळत नाही. पण प्रश्न मात्र उभा राहतो: परिणाम नुसता चित्रपटाचा, की चित्रपट आणि गाव या दोघांचा?

जे पुस्तक छापले गेले नाही

या प्रश्नाच्या सर्वांत जवळ पोहोचला तो पॉल क्रेसी. फ्रेडरिक थ्रॅशर यांच्या मार्गदर्शनाखाली न्यूयॉर्क विद्यापीठाने शहरातल्या एका दाट, गरीब वस्तीत पाहणी सुरू केली होती. थ्रॅशर हे शिकागोतल्या मुलांच्या टोळ्यांवरील १९२७ सालच्या प्रसिद्ध ग्रंथाचे लेखक. न्यूयॉर्कमधली ही वस्ती मुख्यतः इटलीहून आलेल्या कुटुंबांची होती. क्रेसीने प्रयोगशाळेत पडदा लावला नाही. तो गल्लीत गेला. मुले चित्रपटाला कुणाबरोबर जातात, पैसे कुठून आणतात, तेथे बसून काय करतात, बाहेर आल्यावर काय बोलतात, हे त्याने पाहिले आणि ऐकले.

त्याला दिसले ते साधे होते आणि गुंतागुंतीचेही. गुन्हेगारीकडे वळलेली मुले सिनेमाला जास्त जात होती, हे खरे. पण सिनेमामुळे ती गुन्हेगार झाली, असे त्यावरून म्हणता येत नव्हते. घरी जागा नाही, गल्लीत खेळायला मैदान नाही, अशा मुलांना चित्रपटगृह हा एक निवारा होता. एकाच चित्रपटातून एक मुलगा टोपी घालण्याची ढब उचलत होता, दुसरा प्रेमाची भाषा, आणि चोरीच्या वाटेवर आधीच असलेला तिसरा एखादी युक्ती. चित्रपट ही अनौपचारिक शाळाच होती. तिच्यातून कोण काय शिकेल, हे मुलाच्या घरावर, सोबत्यांवर आणि गल्लीवर अवलंबून होते. १९३८ साली लिहिलेल्या एका लेखात क्रेसीने हा मुद्दा नेमकेपणाने मांडला.

मे आणि शटलवर्थ या दुसऱ्या दोन संशोधकांचे निष्कर्षही असेच कोड्यात टाकणारे होते. वारंवार सिनेमाला जाणाऱ्या मुलांची शाळेतली वागणूक शिक्षकांच्या शेऱ्यांनुसार काहीशी डावी होती. पण 'तुझा जवळचा मित्र कोण?' असे वर्गाला विचारले, तर याच मुलांची नावे अधिक वेळा येत होती!

लोकांपर्यंत यातले काय पोहोचले? १९३३ साली हेन्री जेम्स फोरमन या पत्रकाराने या संशोधनांचा एक लोकप्रिय सारांश लिहिला. त्यात सावधपणे काढलेल्या निष्कर्षांना भडक रंग चढले. सिनेमा मुलांना घडवतो आणि बिघडवतो, एवढेच लोकांच्या लक्षात राहिले. १९३४ पासून हॉलिवूडची आचारसंहिता कडकपणे लागू झाली, तिच्यामागच्या वातावरणाला या पुस्तकाचाही हातभार लागला. क्रेसी आणि थ्रॅशर यांच्या नावाने जाहीर झालेला खंड मात्र कधी छापलाच गेला नाही. त्याचे हस्तलिखित पुढे कागदपत्रांत सापडले आणि १९९६ साली, म्हणजे सहा दशकांनी, प्रसिद्ध झाले.

कॉमिक्स आणि दूरचित्रवाणी

सिनेमानंतर पाळी आली कॉमिक्सची. न्यूयॉर्कचे मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम यांनी १९५४ साली पुस्तक लिहून कॉमिक्समुळे मुले गुन्हेगार होतात असे ठासून सांगितले. त्याच वर्षी अमेरिकी सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावणी झाली आणि प्रकाशकांनी घाबरून स्वतःवर नियमावली लादून घेतली. त्याच्या पाच वर्षे आधी, १९४९ साली, थ्रॅशर यांनी लेख लिहून विचारले होते, की कॉमिक्स हे खरे कारण आहे की बळीचा बकरा? त्यांचे कुणी ऐकले नाही. वर्थम यांची कागदपत्रे २०१० मध्ये अभ्यासकांना खुली झाली. ती तपासून कॅरोल टिली या संशोधिकेने २०१२ साली दाखवून दिले, की वर्थम यांनी मुलांच्या तोंडची वाक्ये बदलली होती. काही ठिकाणी मुलाच्या घरातल्या किंवा वस्तीतल्या अडचणींचा उल्लेखच गाळला होता. म्हणजे पुराव्यातून गायब झाली ती नेमकी गल्लीच.

दूरचित्रवाणीच्या काळात निसर्गाने एक सुंदर प्रयोग मांडून दिला. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात एका गावात दरीमुळे टीव्हीचे संकेत पोहोचत नव्हते. १९७३ च्या अखेरीस तेथे टीव्ही येणार, हे कळताच टॅनिस मॅक्बेथ विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी तो यायच्या आधी आणि आल्यावर दोन वर्षांनी तेथील मुलांची पाहणी केली. तुलनेसाठी जवळपास तशीच, पण आधीपासून टीव्ही असलेली दोन गावे घेतली. विज्ञानाच्या शिक्षकांना यातले नियंत्रित गटाचे तत्त्व लगेच ओळखता येईल. टीव्ही आल्यानंतर मैदानावरची मुलांची मारामारी आणि शिवीगाळ वाढली, आणि सर्जनशीलतेच्या चाचणीतले गुण घसरले. शिवाय गावातल्या खेळांना, नाचांना आणि सभांना येणाऱ्यांची संख्याही कमी झाली. टीव्हीने मुलांना काय दाखवले, एवढाच प्रश्न उरला नाही. टीव्हीने गावाचा कोणता वेळ घेतला, हाही प्रश्न होता.

आपल्याकडे याच सुमाराला उलट्या बाजूने काम चालले होते. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात 'साइट' प्रकल्पाने उपग्रहाच्या मदतीने सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणी नेली. गावात संच एकच असे. सकाळी शाळेतली मुले आणि संध्याकाळी सारे गाव त्याच्यासमोर जमत असे. पाहणे हा सामुदायिक व्यवहार होता. पाहिलेल्यावर तिथेच बोलणेही होई. घरोघरी संच आले आणि ती पद्धत मागे पडली. पण पडद्याभोवती माणसे असू शकतात, हे त्या वर्षाने दाखवले होते.

'पाचांतले एक मूल'

इंटरनेटविषयीची भीती १९९५ साली उफाळली. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सामान्य ग्राहकांना इंटरनेट खुले केले, तेच हे वर्ष. त्याच्या महिनाभर आधी अमेरिकेत 'टाइम' साप्ताहिकाने संगणकावरच्या अश्लीलतेवर मुखपृष्ठकथा छापली होती. तिचा आधार होता एका विद्यार्थ्याचा अभ्यास. थोड्याच दिवसांत त्यातली त्रुटी उघड झाली. त्यातली बरीचशी माहिती सर्वांना खुल्या इंटरनेटवरची नव्हतीच, ती प्रौढांसाठी पैसे घेऊन चालवल्या जाणाऱ्या खासगी फलकांवरची होती. तोवर संसदेत त्या लेखाचा हवाला देऊन झाला होता. १९९६ साली कायदा झाला आणि जून १९९७ मध्ये त्यातली मुख्य कलमे सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली.

यापेक्षा कितीतरी चांगले काम न्यू हॅम्पशायर विद्यापीठातील डेव्हिड फिंकेलहोर आणि सहकाऱ्यांनी केले. १९९९-२००० मध्ये त्यांनी इंटरनेट वापरणाऱ्या, १० ते १७ वयाच्या १५०१ मुलामुलींशी दूरध्वनीवर बोलून पाहणी केली. वर्षभरात नकोसे लैंगिक बोलणे वा मागणी आल्याचे १९ टक्के मुलांनी सांगितले. 'पाचांतले एक मूल शिकाऱ्यांच्या जाळ्यात' अशा थाटात हा आकडा जगभर फिरला. अहवालात मात्र पुढचे वाक्यही होते. असे बोलणाऱ्यांतले जवळजवळ निम्मे स्वतः अल्पवयीन होते. प्रौढ सुमारे चौथा हिस्सा होते, आणि बाकीच्यांचे वय मुलांना ठाऊक नव्हते. इंटरनेटचा वापर वाढत असतानाही हे प्रमाण २००५ साली १३ आणि २०१० साली ९ टक्क्यांवर आले. वाढला तो छळ. संगणकावरून सतावले गेल्याचे सांगणारी मुले ६ टक्क्यांवरून ११ टक्क्यांवर गेली. छळणारे बऱ्याचदा शाळेतलेच, ओळखीचे.

२००८ साली अमेरिकेतील राज्यांच्या महाधिवक्त्यांच्या पुढाकाराने एक कृतिगट नेमला गेला. मुलांना इंटरनेटवर सुरक्षित ठेवणारे तंत्र शोधायचे, हे त्याचे काम. हार्वर्ड विद्यापीठातील अभ्यासकांच्या नेतृत्वाखाली वर्षभर काम करून गटाने अहवाल दिला. कोणते मूल धोक्यात आहे, हे ते कोणते तंत्र वापरते यावरून तितकेसे कळत नाही, त्याची मनःस्थिती आणि घरातले वातावरण यांवरून अधिक चांगले कळते, असे त्यात म्हटले होते. काही महाधिवक्त्यांना हा निष्कर्ष मुळीच रुचला नाही. क्रेसीचेच म्हणणे सत्तर-पंचाहत्तर वर्षांनी नव्या शब्दांत परत आले होते, आणि पुन्हा नावडते ठरले.

ते नावडते का ठरते, हे कळणे अवघड नाही. यंत्राकडे बोट दाखवले की बंदी घालता येते, कायदा करता येतो, कपाटाला कुलूप लावता येते. घर आणि गल्ली यांकडे बोट दाखवले की ते आपल्याकडेच वळते.

आज वेगळे काय आहे?

पण 'भीती दर वेळची, काळजी नको' असा अर्थ या इतिहासातून कुणी काढला तर आम्हाला तो मान्य नाही. एक मोठा फरक पडला आहे. १९३० सालचा पडदा प्रेक्षकाकडे पाहत नव्हता. तिसऱ्या रांगेतले मूल कशाने घाबरले, हे चित्रपटाला कळत नव्हते. आजचा पडदा ते टिपतो. मूल कोणत्या चित्रफितीवर किती सेकंद थांबले, यावरून पुढची चित्रफीत ठरते. उदास मूल उदास गोष्टींवर थांबले, तर तशाच गोष्टींची रांग लागू शकते. क्रेसीला गल्लीत जाऊन पाहता येत होते. आजच्या मुलाची अर्धी गल्ली गणिती सूत्रांनी रचलेली असते, आणि ती पालकांना दिसत नाही.

सरासरीचे आकडेही जपून वाचायला हवेत. २०१९ साली ऑर्बेन आणि प्रझिबिल्स्की यांनी साडेतीन लाखांहून अधिक किशोरांच्या माहितीचे विश्लेषण केले. मुलांमुलांच्या मानसिक स्वास्थ्यात जो फरक असतो, त्यातला फार तर ०.४ टक्के भाग डिजिटल साधनांच्या वापराशी जोडता आला. सरासरी परिणाम लहान, हे खरे. पण रेनशॉ यांचे पलंग आठवा. सरासरीच्या आड एक मूल शांत झोपलेले असते आणि एक रात्रभर तळमळत असते. शिक्षकाला सरासरी भेटत नाही. त्याला त्यातले एकेक मूल भेटते.

कायदेही बदलत आहेत. भारताच्या २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांच्या संमतीची आणि मुलांचा माग काढण्यावर बंदीची तरतूद आहे. ऑस्ट्रेलियाने १६ वर्षांखालील मुलांना मोठ्या समाजमाध्यमांवर खाते उघडण्यास मनाई केली आहे. ती १० डिसेंबर २०२५ पासून लागू झाली. कंपन्यांना जबाबदार धरणारे नियम हवेतच. पण ज्या मुलाला घरी बोलायला कुणी नाही, त्याला कायदा सोबती देत नाही.

शाळेत काय करता येईल?

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाचे उदाहरण पाहा. २०२२ च्या ऑगस्टपासून तेथे संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजू लागला. तो वाजला की टीव्ही आणि मोबाईल बंद आणि मुले अभ्यासाला. साडेआठला पुन्हा भोंगा. यातली खरी गोष्ट भोंग्याची नाही. एका घराने मोबाईल बंद केला तर ते मूल एकटे पडते. साऱ्या गावाने मिळून ठरवले की कुणीच एकटे पडत नाही. मोठ्यांनाही आपला पडदा बंद ठेवावा लागतो.

वर्गात करण्याजोग्या गोष्टीही आहेत. आठवी-नववीच्या मुलांना आठवडाभर एक नोंदवही ठेवायला सांगावी. त्यात किती मिनिटे पाहिले एवढेच लिहायचे नाही. काय पाहिले, कुणाबरोबर, कुठे बसून, आणि नंतर कुणाशी त्याबद्दल बोललो, हे लिहायचे. वहीवर नाव नको. शेवटच्या दोन रकान्यांची बेरीज वर्गाने मिळून करावी. मे आणि शटलवर्थ यांचे निष्कर्ष फळ्यावर लिहून 'यावरून कारण सिद्ध होते का?' अशी चर्चा घेता येईल. 'टाइम'च्या उदाहरणावरून 'नमुना कुठून घेतला?' हा प्रश्न विचारायची सवय लावता येईल. वर्तमानपत्रातला कोणताही आकडा तपासायला ती उपयोगी पडते.

आणि सर्वांत महत्त्वाचे. कुणी ऑनलाइन सतावत असेल, फोटो मागत असेल, धमकावत असेल, तर मुले ते बहुधा सांगत नाहीत. सांगितले तर आपलाच मोबाईल काढून घेतील, आपल्यालाच ओरडतील, ही भीती असते. ही भीती धमकावणाऱ्याच्या पथ्यावर पडते. म्हणून वर्षाच्या सुरुवातीलाच वर्गाला स्पष्ट शब्द द्यावा: जो येऊन सांगेल त्याला शिक्षा होणार नाही. वर्गाच्या भिंतीवर १०९८ हा मुलांच्या मदतीचा आणि १९३० हा सायबर गुन्ह्यांच्या तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवावा. पण भिंतीवरच्या क्रमांकाच्या आधी मुलाला एखाद्या शिक्षकाचे नाव आठवले पाहिजे.